डावा हात

आधीच्या दवाखान्यात काचेत मासे होते
आणि माझ्या दाढेचा फोटो टीव्हीएवढा.
डॉक्टर फोटोशीच बोलत होता.
मी खुर्चीत, पाय वर, डोकं खाली,
बसमध्ये कुणीतरी विसरून गेलेली पिशवी.
बाहेरच्या मुलीनं कागद सरकवला:
कॅप दोन नमुन्यांच्या, एक महाग, एक फार महाग,
आजच अडव्हान्स भरला तर सूट.
दाढ कुठली, ते मला कुणी विचारलंच नव्हतं.

मी वडगावात ब्लाउज शिवते, चौतीस वर्षं.
टेप नंतर. आधी बाई बघते,
कुठला खांदा उतरलाय,
हात वर केला की कुठं अडतं तिला.
सूट देऊन बगल सैल होत नाही.

दुसरा दवाखाना शहापुरात, जिना चढून.
खाली मिरचीचा डंक,
त्यामुळं वर वाट बघणारे सगळे शिंकत असतात,
दुखऱ्या गालाला हात लावून शिंकतात.
‘शेवंता कणबरकर!’
कंपाउंडरनं नाव बरोबर घेतलं, वर विचारलं,
‘कणबर्गीच्या काय री तुम्ही?’

डॉक्टर हुक्केरी. माझ्या धाकट्या जावेच्या वयाची.
हत्यारांचं पुडकं माझ्यासमोर फोडलं.
‘बाय तगी री,’ म्हणाली, मग आठवून, ‘उघडा.’
दाढेकडं गेलीच नाही आधी.
पुढच्या दातांवर थांबली, वरच्या दोन,
जिथं बारीक खाच आहे, सुईच्या नाकाएवढी.
‘दोरा तोडता काय दातानं?’

माझी लाज गालापर्यंत आली
आणि तिथं सूज होती म्हणून कळली नाही.

तिच्या मराठीत दाढ पुल्लिंगी.
‘कसा दुखतो?’
सळक नाही, म्हटलं. आंबल्यागत पण नाही. ठणका.
तिला ठणका कळेना.
मग खुर्चीच्या हातावर बोटानं वाजवून दाखवलं,
आधी सावकाश,
मग पायाखाली मशीन सुटल्यासारखं.
ती मोजत होती की काय, कोण जाणे.
‘रात्री आडवं झालं की जास्त?’
व्हय.
तिनं वहीत कानडी अक्षरात लिहून घेतलं: ठणका.
‘आमच्यात नोवु म्हणतात सगळ्यालाच,’ म्हणाली,
जशी तिच्या घरात एकच पातेलं असावं.

सुई दिली. थांबली. ओठ जड झाला.
‘दुखला की डावा हात वर करा. मी थांबते.’

असं सगळेच म्हणतात.
बाळंतपणात म्हणाले होते, झालंच, झालंच.
बँकेत म्हणतात, बसा, बोलावतो.

मशीन सुरू झालं.
दुखत नव्हतं.
मी हात वर केला.

मशीन थांबलं.
एवढं गप्प झालं की खालचा डंक ऐकू आला,
मिरचीवर पडणारा, धप्, धप्.
‘दुखला?’
नाही, म्हटलं, अर्ध्या ओठानं. बघितलं.

मास्कवर फक्त डोळे, त्यांचं काय कळणार.
‘बघा,’ म्हणाली. ‘परत बघायचं असलं तर परत करा.’

नंतर एकदा खरंच कळ आली,
तेव्हा हात माझ्या आधीच वर गेला होता.

बिल हातानं लिहिलेलं, दोन खेपांचे पैसे वेगळे.
खाली, रेघ मारून: कात्री वापरा.

संध्याकाळी निंगव्वाची सून ट्रायलला आली.
चहा माझ्या हनुवटीवरून ओघळत होता, ती हसत होती.
पोरगी गरीब, टाचणी लागली तरी बोलायची नाही,
दरवेळी दंडावर लाल ठिपका घेऊन घरी जाते.
टाचण्या तोंडात धरायची सोय नव्हती आज,
त्या वाटीत ठेवल्या.
टोचलं तर हात वर कर, म्हटलं.
‘कुठला?’
कुठला पण.

मग शेवटचा टाका, गाठ,
सवयीनं मान खाली गेली दोऱ्याकडं
आणि ओठाला दोरा लागलाच नाही.
कात्री शोधण्यात अर्धा तास गेला.