कोठार हलवायची तारीख

वार्डो बंदरामागच्या तळघरात
आमचं आकड्यांचं कोठार घरघरतं.
एकोणीस हिवाळ्यांची मासळी तिथं, वजनासकट;
सर्व्हरच्या ऊबदार पाठीवर सिग्ने हातमोजे वाळत घालते.

मध्यरात्री लावलेला अहवाल
पूर्वी पहाटेच्या कॉफीआधी हातात यायचा.
आता लिलाव उरकतो, तरी तो वाटेतच.
ऑस्लोचा विक्रेता म्हणतो, क्लाउडवर चला,
तिथं जागा संपत नाही.
तोर्गेर म्हणतो, यंत्रांचा करार ऑक्टोबरात संपतो,
तोवर कळ काढा.
मी म्हणते, कॉडच्या हंगामात तर नकोच;
भरल्या बोटीची फळी कोण बदलतं?

असं दोन वर्षं चाललंय.

काल सामानाची यादी करताना
एक रकाना सापडला. नाव 'क्यू-सात'.
तीनशे बारा नोंदी, अर्थ कुणालाच ठाऊक नाही.
तो आखणारा ओडब्यॉर्न आता वृद्धाश्रमात असतो.
मला त्यानं बहिणीच्या नावानं हाक मारली,
रकाना मात्र बरोबर ओळखला.
"तो मासा विकलेला नाही," म्हणाला,
"ज्यांची बोट परतली नाही, त्यांच्या दारी पोचवलेला.
किंमत लिहायची नव्हती. म्हणून वेगळा."

असे अजून एकतीस रकाने आहेत.

बाहेर धुकं इतकं उतरलंय, की क्रेनचं टोक दिसत नाही.
तोर्गेरला कळवलं: ऑक्टोबर नाही, हंगामानंतरही नाही.
सोमवारपासून.
रोज दुपारी दोन ते तीन,
तेव्हा त्याला लख्ख आठवतं.

"आणि हातमोजे?" सिग्नेनं विचारलं.
ते अजून ठरलं नाही.