वच्चिनम्

साडेसहाचा शो. हुतात्मा स्मृती मंदिर.
आमच्या गल्लीला बारा पास, फुकट.
पेद्दम्मानं ट्रंकेतली इरकल काढली,
केसांना तेल, कानात अत्तराचा फाया,
जणू पडद्यावरची ती
खाली बसलेल्या हिला बघणार होती.

आधी रेल्वेचे रूळ.
मग चपला. मग परत रूळ.
मग ड्रोनमधून आमचं सोलापूर:
पत्रे, टाक्या, वाळत घातलेले टॉवेल
आणि बासरी.

मी बत्तीस वर्षं मागावर जॉबर आहे.
आमच्या गल्लीत दुपारी तीनला
शेजारच्याला हाक मारायची तर हात हलवावा लागतो.
तो सगळा खटखटाट उपसून
तिथं बासरी ओतली त्यांनी,
पाहुणे वाढले की चहात पाणी ओततात तशी.

अन्वय पोरगा वाईट नव्हता.
तीन दिवस आमच्यात जेवला,
कडक भाकरी आमटीत कुस्करायला शिकला,
पेद्दम्माच्या पाया पडला, तेही कॅमेरा बंद असताना.
तिनं त्याला सगळं सांगितलं:
चौदाव्या वर्षी मामाच्या पोराशी ठरलेलं लग्न चुकवून
ती भावाच्या मागं गाडीत कशी चढली, टोपलीत कोंबडी;
टीसीनं कोंबडीचं तिकीट मागितलं
तर भाऊ म्हणाला, ती पाच वर्षांखालची आहे;
आणि वाडी जंक्शनच्या अलीकडंच कोंबडीनं अंडं दिलं,
टीसीनं ते दंड म्हणून खिशात घातलं
आणि उतरला जपून, एक हात खिशावर ठेवून.
हसून लोळलो आम्ही.
साउंडवाल्याचा माईक हलला,
म्हणून परत सांगायला लावलं.
दुसऱ्या खेपेला अंडी दोन झाली.

पडद्यावर पेद्दम्मा एकोणीस सेकंद.
मांडीवर सूप, सुपात पानं, हातात कात्री.
पदरानं डोळा पुसते
(तंबाखू गेली होती)
आणि म्हणते, वच्चिनम्.
खाली पांढऱ्या अक्षरांत:
आम्हाला यावं लागलं.

वच्चिनम् म्हणजे आलो.
एवढंच. आलो.
दार ढकलून आत येत कुणी म्हणतं, तसं.
लागलं-बिगलं त्यात कुठं नाही.
तिच्या तोंडात ते स्वतःच्या पायावर उभं होतं,
खालच्या ओळीत कुणीतरी त्याला कुबडी दिली.

टाळ्या. दिवे. अन्वय धावत आला,
काका, कसं वाटलं?
गल्लीत फटकळ म्हणून माझं नाव आहे.
मी म्हणालो, छान झालंय.

आणि त्याला काय बोलू?
घरकुलाच्या अर्जावर मागं मीच लिहिलंय,
स्थलांतराचं कारण: उपासमार.
खोटं नव्हतं ते. तीही होतीच गाडीत,
टोपलीशेजारी.
पण रकाना लहान होता,
कोंबडी मावत नव्हती.

रिक्षात पेद्दम्मा गप्प.
कन्ना चौक गेला. मग म्हणाली,
कोडि एदी?
कोंबडी कुठाय?
मी म्हणालो, पुढच्या भागात असेल.
त्याचे पास आत्ताच सांगून ठेव, म्हणाली.

रिक्षावाल्यानं मान वळवली,
कसली कोंबडी, आज्जी?
आणि अशोक चौकाचा सिग्नल सुटला,
मागचे हॉर्न मारायला लागले,
तरी तो गाडी काढेना.
या खेपेला अंडी तीन.