रकाना नऊ

शिवाजीनगरला, दुसऱ्या मजल्यावर
एका सुनावणीचे तीनशे मिळतात मला.
मिळतात म्हणजे मिळायचेत,
गेल्या आखाडापासूनचे.
वहीत माझ्या नावापुढे लिहिलंय : दुभाषी, कातकरी,
यमुना लहू हिलम,
आणि सहीच्या जागी शिपाई अजूनही
शाईचा पॅड पुढे सरकवतो.
मी माझं पेन काढते.

त्या दिवशी गोमी आली होती, पौडच्या पुढच्या वाडीतून,
दोन बस बदलून, चिंबोऱ्यांचा वास अंगावर घेऊन.
तिची बुधी भूगावला रस्त्याकडेला
चिंबोऱ्यांच्या टोपल्यापाशी बसलेली असताना उचलली.
गोमी पाणी आणायला गेली होती, तेवढ्यात.
कागदावर : भीक मागताना आढळली. निराधार.
जन्मतारीख एक जून.
(आमची सगळी पोरं एक जूनलाच जन्मतात,
मास्तरांनी ठरवलेलं आहे.
बुधी जन्मली तो बुधवार होता,
भट्टीचा शेवटचा हात लागत होता,
मुकादम हिशेब करत होता,
एवढं गोमीला नक्की आठवतं.)

दोन पावसाळे झाले होते.
चार तारखा पडल्या,
दोनदा बाई रजेवर,
एकदा गोमी कोळशाच्या खेपेला, उंबरजच्या बाजूला,
नोटीस वाडीत झोपडीच्या कुडाला खोचलेली.
"पालक संपर्क करत नाहीत" असा शेरा.

बाईंनी विचारलं, मुलीची आई कोण?
मी विचारलं.
गोमी म्हणाली, मी.
बाईंनी फाईल चाळली. आई तर मयत दिसते.
मी परत विचारलं.
गोमीनं माझ्याकडे पाहिलं,
यमे, तू पण का?
मग मी मराठीत सांगितलं : मावशी.
तो शब्द तोंडातून गेला आणि टेबलावर
रकाना पाचमध्ये जाऊन पडला. इतर नातेवाईक.
इतरांना ताबा देण्यापूर्वी गृहचौकशी.
घर पक्के आहे काय. शौचालय आहे काय.

दुभाषीनं आपलं काही बोलायचं नसतं.
मी बोलले.
बाई, म्हण तुमचीच आहे,
माय मरो, मावशी जगो.
आम्ही ती फक्त खरी धरली.

पंखा फिरत होता.
बाई वाईट नव्हत्या. पेनाचं टोपण लावलं, काढलं.
म्हणाल्या, म्हणीला रकाना नाही ना.

मग रकान्यासाठी फिरलो.
सतरा वाड्या, तीनशे नऊ अंगठे,
एक वकील, तारकेश्वरी मुकणे,
जिनं फी म्हणून करटुली घेतली आणि वर
करटुली कडू आहेत म्हणून भांडली.
साहेबांच्या दाराबाहेर बसलो, आत बसलो,
चहा आला, चहा आला नाही.
आमचं मागणं दीड ओळीचं होतं :
पोर नेण्याआधी वाडीला विचारा.
वाडीत कुणीतरी असतं.

पुढच्या वर्षी फॉर्म नवीन आला.
रकाना नऊ : समाजातील व्यक्तीशी चर्चा केली काय.
आलेल्या पहिल्या आठ फॉर्मांवर मी पाहिलं :
निरंक, निरंक, निरंक, तिथे शाई सांडलेली,
निरंक...
सातव्यावर कुणीतरी वाडीचं नाव लिहिलं होतं.
चुकीचं. पण लिहिलं होतं.

बुधी त्याआधीच सुटली, जुन्याच फॉर्मवर,
गृहचौकशीवाला कुत्र्याला घाबरून
गाडीतूनच "समाधानकारक" लिहून गेला म्हणून.
मी पोचवायला गेले. केस बारीक कापलेले,
चांदणी चौकापर्यंत ती हात मांडीवर ठेवून
ताठ बसली होती, शाळेच्या फोटोतल्यासारखी.

घरात शिरली. दारातच उभी राहिली.
हंड्याकडे बघत स्वच्छ मराठीत म्हणाली,
ताई, पाणी पिऊ का?

गोमीनं माझ्याकडे पाहिलं.
शब्द कळले होते तिला, बाजारात बोलते ती मराठी.
विचारलं का, ते कळेना.
दुभाषी मी. तिथंच उभी होते.
हंड्यावरचं झाकण तेवढं काढलं.