पाच चुका माफ

डावा हात मशीनचा, दुपारी दोनपर्यंत.
उजवा माझा.
मांडीवर उशी, उशीवर चिनामीचा लहानपणीचा गेम,
बिजागरीला चिकटपट्टी, झाकणावर सशाचं अर्धं स्टिकर.
पडद्यावर ठोकळा: आठ रुंद, नऊ उंच, सहा खोल.
नाव नाही, नुसती प्रश्नचिन्हं.
तोंडातोंडावर आकडे.

नियम पोरीनं फोनवर सांगितले, ओसाकाहून, जेवता जेवता.
आकडा म्हणजे त्या ओळीतले तेवढे राहणार, बाबा,
बाकीचे फोडायचे.
शून्य दिसलं की अख्खी ओळ, डोळे मिटून.
आकड्याभोवती कडं असेल
तर मधे कुठेतरी फट.

सेहेचाळीस वर्षं मुरेच्या खाणीचा दगड फोडला,
एकानंही मला आकडा सांगितला नाही.
ठोकायचं, कान लावायचा.
खणखणीत वाजला तर आपला.
बद्द वाजला तर पोटात शीर.
हा वाजतो टिक्.
सगळीकडून सारखा, टिक्.
आणि धूळ उडत नाही.
कुसाका असता तर म्हणाला असता, बरंच आहे की.
त्याच्या फुप्फुसांचा फोटो डॉक्टरांनी खिडकीशी धरला तेव्हा
आम्हाला वाटलं, आत बर्फ पडतंय.

पेन टेकवतो, फुटतो.
टेकवतो, फुटतो.
मग एक फुटत नाही, तडकतो,
आणि कोपऱ्यातला एक तारा विझतो.
पाच चुका माफ.
पाच!
देवळाचा दगडी कंदील घडवताना
शेवटच्या दिवशी छपराचा कान उडाला,
एवढासा, नखाएवढा.
मालक काही बोलले नाहीत. चहा दिला.
तो कंदील अजून आमच्या न्हाणीघरामागे आहे,
उन्हं आली की मांजर बसतं त्यावर.

अकराला अडलो.
एक चौकोन. राहणार की जाणार,
कुठल्याच बाजूनं बोलेना.
तर्क संपला की हात शिवशिवतो,
हा दोष वयाचा नाही, धंद्याचा.
तेवढ्यात शेजारच्या पलंगावरून ओरिबेबाई,
ज्या कायम झोपलेल्या असतात अशी माझी समजूत,
म्हणाल्या,
खालून बघितलंत?

खालून.
दगड खालून कोण बघतं?
दोन टनांचा दगड पालथा घालायचा तर
क्रेन, तीन माणसं आणि सबंध दुपार.
बोटानं ढकलला,
तव्यावरच्या माशासारखा उलटला.
तळाला लिहिलेलं: दोन, भोवती कडं.
म्हणजे फट.
म्हणजे पाय.
म्हणजे हे उभं राहणारं काहीतरी.

मग भराभर, टिक् टिक् टिक्,
नर्स म्हणाली, रक्तदाब वाढतोय हं.

टाकीचे घाव सोसले की दगडाचा देव होतो म्हणतात.
माझं बदक झालं.
पिवळं, फेंगडं,
झालं तसं नाचायलाच लागलं,
चोच माझ्याकडे करून.
चारशे बत्तीस ठोकळ्यांतून उरलं ते हे.
मी घडवलं म्हणू, की सापडलं म्हणू?
खाणीवर कुणी असं विचारलं असतं
तर त्याला पाणी भरायला पाठवलं असतं.

ओरिबेबाई हसल्या, खोकल्या, पुन्हा हसल्या.
चादरीखालून त्यांनी आपलं यंत्र काढलं, लाल, माझ्याहून नवं.
त्यांचा उजवा हात मशीनचा,
डाव्यानं खेळतात.
माझं परवाच झालं बदक, म्हणाल्या.
पुढचा मोठा आहे. बारा उंच.
शेवटी निघतं काय, तर...

सांगू नका, मी म्हटलं.
बुधवारी.