हामूरची शेपटी

अजमानच्या बंदराशी, माशांच्या हॉटेलवर
मी एक हामूर पेटवला.
आपल्याकडे त्याला हेकरू म्हणतात,
मालकाला सांगून पाहिलं, त्याला फरक पडला नाही.
चोवीस चिप, एकेकीच्या हाताखाली सोळा दिवे,
त्या सगळ्यांवर काडेपेटीएवढा एक कंट्रोलर,
त्याच्यावर मी,
माझ्यावर फोरमन कुरियाकोस,
आणि कुरियाकोसवर ऑगस्टचा उकाडा.

आकडे एकीच्या हातून दुसरीच्या हाती जातात,
आग लागल्यावर विहिरीपासून कळशा जातात तसे.
जी सगळ्यात लांब, तिचं देणं आधी पाठवायचं.
दारातल्या चिपला शेवटी.
पहिल्या रात्री मी हे उलटं केलं
आणि माशाला शेपटीवर डोळा फुटला.
गुलरेझ वेल्डर शिडीवर इतका हसला
की त्याची नसवारीची डबी खाली पडली.

आकडे पोचले तरी कुणी पेटायचं नाही.
सगळ्यांच्या ओंजळी भरल्या
की एका तारेवर एकच टिचकी,
मग तीनशे चौऱ्याऐंशी दिवे एकदम कूस बदलतात.

मंद दिवा असं काही नसतंच,
हे मला फार उशिरा कळलं.
दिवा पूर्ण असतो, नाहीतर नसतो.
सेकंदात शेकडो वेळा मरतो नि उठतो,
जितका वेळ उठलेला, तितका आपला उजेड.
शून्यापासून चार हजार पंच्याण्णवपर्यंत.
आणि निम्मा आकडा दिला म्हणून
निम्मं दिसत नाही.
डोळा हिशेबाला कच्चा:
अंधारात पै-पै मोजतो,
उजेडात शंभराची नोट विसरून येतो.

समोर कामगारांची इमारत. तिसरा मजला.
खिडकीला पडदा म्हणून निळ्या काठाचा टॉवेल,
चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी.
टेस्टिंगच्या रात्री दोन वाजता
टॉवेलचा एक कोपरा सुटला,
बनियनवर एक माणूस उभा राहिला.
शिवी नाही. हातवारे नाहीत.
चारच्या बसला जाणारा माणूस
घड्याळाकडे बघतो
तसा शेपटीकडे बघत राहिला.
मग अंगठ्याने पट्टी दाबून
कोपरा परत चिकटवला.

मी लॅपटॉप उघडला.
चिप एकवीस, बावीस, तेवीस, चोवीस.
रात्री अकरानंतर: चाळीस.
चार हजार पंच्याण्णवातले चाळीस.

मालक आला, मान तिरकी करून म्हणाला,
शेपटी कुठाय? पैसे अख्ख्या माशाचे दिलेत.
मी म्हटलं, अरबाब,
हामूर कपारीत राहतो,
तोंड बाहेर, शेपूट आत काळोखात.
कुरियाकोसला उगाच खोकला आला.
मालकाचा आजा गळ टाकायचा म्हणे.
बराच वेळ वर बघून तो एवढंच म्हणाला,
हो. असाच बसतो.

महिन्याने एक जळकी पट्टी बदलायला गेलो.
शिडीवरून पाहिलं, खिडकी उघडी.
टॉवेल खाली दोरीवर वाळत होता,
इतर टॉवेलांमधला एक,
फक्त चारी कोपऱ्यांना
चिकटपट्टीचे काळे डाग.