हातचा

दांडिया बाजारात, घड्याळवाल्याच्या माडीवर
एकतीस वर्षं मी लोकांची रिटर्नं भरतो.
कोणाच्या बायकोचं किती तोळे, कोणी कुठल्या ट्रस्टला
न दिलेली देणगी दिली,
सगळं माहीत असतं. बोलत नाही.
या धंद्यात जीभ कमी आणि पेन्सिल जास्त झिजते.

वल्लरीला स्टुटगार्टहून पत्र आलं तेव्हा
हिनं आकडा वाचला आणि देवापुढे साखर ठेवली.
महिना साडेचार हजार युरो.
मी म्हटलं, थांब. हा दाखवायचा दात.
खायचा निराळा.

जेवणाचं टेबल पुसून बसलो तिघं.
आयकर. बरं.
आजारपणाचा विमा, बेकारीचा विमा,
पेन्शन चारशे अठरा.
'तिथल्या म्हाताऱ्यांसाठी,' वल्लरी म्हणाली,
आणि आम्ही दोघांनी एकदमच पाण्याचा पेला उचलला.
अंथरुणाला खिळलात तर सेवा लागेल, त्याचाही हप्ता,
मूलबाळ नसेल तर थोडा जास्त.
ही म्हणाली, 'बघ, सरकारसुद्धा विचारतंय.'
रकाना एक धर्माचा. चर्चमधले असाल तर कापतात.
आपल्याला नाही. तेवढीच काय ती सूट.

भाडं म्हणे दोन प्रकारचं, थंड आणि गरम.
थंड म्हणजे नुसत्या भिंती,
गरम म्हणजे हीटर, पाणी, जिन्याची झाडलोट धरून.
आणि टीव्ही नसला तरी टीव्हीचे अठरा.

रेघ मारली. साडेचार हजारांचे राहिले अठ्ठावीसशे,
घर गेलं, एकोणीसशे,
मग बस, तांदूळ, फोन, हिवाळ्याचा कोट.
उरलं त्याला ही शंभरानं गुणायला लागली.
'गुणू नकोस गं,' वल्लरी म्हणाली,
'गुणलं की तिथे कॉफीसुद्धा घशाखाली उतरत नाही.'

कंपनी म्हणते, एक ऑक्टोबर किंवा एक नोव्हेंबर,
तुमचं तुम्ही ठरवा.
'बाबा, कुठली तारीख?'

हे उत्तर मी झोपेतही देतो.
एप्रिलपासून एकशे ब्याऐंशी दिवस इथे भरले
की माणूस त्या वर्षापुरता निवासी,
तिकडची कमाईही इकडे दाखवायची.
मागल्या साली प्रफुल्लाबेनच्या मुलाला मीच पिटाळलं
सख्ख्या बहिणीचा साखरपुडा सोडून.

अठ्ठावीस सप्टेंबर. एकशे एक्क्याऐंशी.
भिंतीवर बँकेचं कॅलेंडर. घट बसतात अकरा ऑक्टोबरला.
बोटांवर मोजलं, पेरांवर मोजलं.
जुलै-ऑगस्ट लागोपाठ एकतीस, तिथे लोक चुकतात.
मी चुकलो नाही. पहिल्यांदाच वाईट वाटलं त्याचं.
फरक पडतो अडतीसेक हजारांचा.

गेल्या वर्षी नऊच्या नऊ रात्री नाचली ही.
पहाटे दोनला स्कूटर लावून
बादलीत पाय सोडून बसायची मोरीशी,
मी तांब्यानं कोमट पाणी ओतायचो,
आणि ती बसल्याबसल्या झोपायची, घागऱ्याच्या आरशांसकट.

एकतीस वर्षांत पहिल्यांदा
अशिलाशी खोटं बोललो.
'काही फारसा फरक पडत नाही,' म्हटलं,
'नोव्हेंबरच बरं. स्वेटरही होईल तोवर.'

वल्लरीनं माझ्याकडे बघितलं नाही.
मोबाइल सरकवला टेबलावरून.
तिकीट. सत्तावीस सप्टेंबर.
काल दुपारीच काढलेलं.
'विचारलं फक्त,' म्हणाली, 'तुम्ही काय म्हणता ते.'

ही उठून साखरेचा डबा जागेवर ठेवायला गेली.
मी पेन्सिल घेऊन पुन्हा मोजलं. सवय.
एकशे ऐंशी. बरोबर होतं.
विमान रखडलं, काही झालं, तर असावा म्हणून
एक दिवस
हातचा ठेवला होता पोरीनं.