शेवटचा नळ

पहाटे साडेतीनला मी सिडकोतला व्हॉल्व्ह उघडतो.
बावीस वर्षं उघडतोय.
लांब दांड्याची चावी, चौदा आटे,
घाई केली की जुना पाइप फुटतो.
गंगापूर धरणात पाणी किती, ते पेपरात येतं;
राणेनगरच्या शेवटच्या नळाला किती पोचलं
ते फक्त तिथली बाई सांगते,
तीही शिव्या देऊनच.

माझा भाऊ केदा. पाच वर्षांनी धाकटा.
एकोणिसाव्या वर्षी अंबडच्या कारखान्यात
लेथवर उभा असताना त्याला कुणीतरी हाक मारली.
लेथ बंद करूनही ती थांबली नाही.

परवा मुंबई नाक्याजवळ त्याच्या मेंदूचे फोटो काढले.
आवाज कसला तो, पत्र्यावर हातोडे!
बाहेर आल्यावर विचारलं, घाबरलास का?
"नाही," म्हणाला. "आत बाकीचे सगळे गप्प होते."

डॉक्टर निगळ तरुण आहेत, सातपूरच्याच.
पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या,
यात सुई नाही, रंग नाही.
मानेतून वर चढणाऱ्या रक्तालाच खूण करायची
आणि बघायचं, कुठं किती पोचतंय.
कपाळामागं कमी पोचतंय.
आणि हा पांढरा भाग,
इकडचा निरोप तिकडं नेणाऱ्या तारा,
या आजारात काहींचा लवकर झिजतो.
यांचं वय?
चव्वेचाळीस.
त्या थोडं थांबल्या.
"साठीच्या माणसाचा असा दिसतो."

औषधानं की आजारानं?
"दोन्हींचं थोडं असेल. सिगारेटही ओढतात ना?
नक्की मला सांगता येणार नाही."
हे उत्तर मला आवडलं.
आमच्या खात्यात असं कुणी बोलत नाही.

साठी.
म्हणजे धाकटा मला मागं टाकून
अकरा वर्षं पुढं निघून गेला,
न सांगता, त्याच खोलीत, शेजारच्या गादीवर झोपून.
आता पाडव्याला पाया कुणी कुणाच्या पडायच्या?
लहानपणी माझे शर्ट उतरून त्याला जायचे.
म्हातारपण तेवढं त्याच्याकडून मला येणार,
वापरलेलं, कोपरात विरलेलं.

तसं माझंही काम ऐकायचंच.
गळती शोधताना रात्री रस्त्यावर सळई टेकवतो,
दुसरं टोक कानाला.
डांबराखाली पाणी बोलतं. खरंच बोलतं.
साहेब विचारतात, येतंय का ऐकू?
मी हो म्हणतो
आणि माझ्या एका शब्दावर रस्ता खोदतात.
केदा हो म्हणाला तेव्हा
आम्ही त्याला दोन वर्षं देवऋष्याकडं नेलं.
त्या दोन वर्षांत काय काय वाहून गेलं
त्याला मीटर नाही.

चहा घेतोस? विचारलं की तो बघतो.
कपाकडं. मग माझ्याकडं.
पूर्वी मी लगेच पुन्हा विचारायचो, मोठ्यानं,
बहिऱ्याला विचारावं तसं.
मग तो पहिला प्रश्न सोडून दुसऱ्याच्या मागं जायचा
आणि दोन्ही वाटेतच जिरायचे.

व्हॉल्व्ह उघडल्यावर राणेनगरला पाणी जायला
पस्तीस मिनिटं लागतात, हे मला पाठ आहे.
आणि घरातलं हे कळायला
पंचवीस वर्षं.

आज निघताना सहज विचारलं, येतोस का बरोबर?
तो पांघरुणातून बघत राहिला.
मी चपला घातल्या, दार ओढलं.
चौदा आटे फिरवले.
बाकड्यावर बसून तंबाखू मळली.
पाच वाजत आले तेव्हा
पाथर्डी फाट्याच्या बाजूनं कुणीतरी चालत आलं,
स्वेटर उलटा, केस ओले.
माझ्यापुढं उभा राहिला.
"हो," म्हणाला केदा. "येतो."